उल्का लिहिणारी

"काकू, थोडं सरकता का? सरांना इथे उभं राहू दे," ऋजुता म्हणाली आणि मी चहाचा थर्मास उचलून सरकले.

माझ्या नवऱ्याने कुठे उभं राहायचं हे आता मला तिच्याकडून कळायचं होतं. त्यात हे 'सर' आणि मी 'काकू'. आमच्या दोघांच्या वयात अंतर जेमतेम चार वर्षांचं, पण तिच्या तोंडून ऐकताना वाटायचं, हे व्याख्यान द्यायला आलेत आणि मी त्यांचा डबा घेऊन आलेय. डबा मी खरंच आणला होता, ती गोष्ट वेगळी.

सोळा-सतरा वर्षं झाली या गोष्टीला. डिसेंबरचे दिवस होते. संगमेश्वराकडच्या आमच्या गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा लांबरुंद सडा आहे. तिथे वस्ती नाही, दिवा नाही, आकाश अडवायला धड एक झाड नाही. हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि लग्नाच्या आधीपासून या सड्यावर आकाश बघायला यायचे. पुढे चार माणसं जमवून त्यांनी मंडळ काढलं. त्या दिवशी दोन कार्यक्रम होते. अंधार पडता पडता अंतराळ स्थानक डोक्यावरून जाणार होतं, ते बघायला शाळेची मुलं आली होती. मुलं घरी गेली की मंडळाची माणसं मिथुन राशीतल्या उल्का मोजायला थांबणार होती.

ऋजुता पटवर्धन त्याच वर्षी तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आली होती. पुण्याची, एकटी, तिशीच्या आतली आणि स्वतःची गाडी चालवणारी. गणपतीनंतर ती मंडळात आली आणि दिवाळीपर्यंत ह्यांनी संध्याकाळी स्कूटर काढणं बंद केलं. "दिवा मंद झालाय," म्हणाले. मी म्हटलं, दुरुस्त करून घ्या. तर म्हणे, "तिला त्याच वाटेने जायचं असतं." तिची खोली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. मग सड्यावर जायचं तर तिच्या गाडीतून, पुढे हे दोघं आणि मागे सतरंज्यांच्या ढिगाशेजारी मी. नोव्हेंबरात कोल्हापूरला कसलंसं विज्ञान प्रदर्शन निघालं, तेही तिच्याच गाडीने. मी वाटेत खायला लाडू बांधून दिले. मूर्ख म्हणायचं तर मला म्हणा.

घरी तर काही विचारायची सोय नव्हती. हे रात्री उठले की कधी तांब्याला पाय लागायचा, कधी दाराची चौकट लागायची. मी विचारायचे, "लक्ष कुठे असतं तुमचं?" हे म्हणायचे, "इथेच आहे की." इथे नव्हतं, एवढं मला पक्कं कळत होतं. कुठे होतं तेही कळत होतं.

"वायव्येकडे बघा रे सगळे," हे मुलांना सांगत होते. "त्या टेकाडाच्या जरा वर. ताऱ्यासारखंच दिसेल, पण लुकलुकणार नाही, थांबणार नाही, आवाज करणार नाही. आणि आत माणसं असतील, हे विसरू नका." मनगटावरच्या घड्याळाचा दिवा लावून त्यांनी वेळ पाहिली. बोट रोखलं. "आलं. ते बघा."

मुलांनी माना वळवल्या. बोटासमोर मला तरी नुसतं आकाश दिसत होतं. दोघंतिघं लगेच "दिसलं सर" म्हणाले, कारण साळवी सरांनी दाखवलं म्हणजे दिसायलाच हवं. नाझीम मुकादम ह्यांचा लहानपणचा दोस्त, गावात औषधांचं दुकान चालवायचा. त्याला असली भीड नव्हती.

"मला तर काय दिसत नाय, मोहन."

"विमान होतं ते," ऋजुता पटकन म्हणाली. "गेलं डोंगराआड. सर, आपल्याकडची वेळ आठवड्यापूर्वीची आहे ना? मधल्या दिवसांत त्यांनी स्थानक थोडं वर उचललं असेल. मग ते उशिराच येणार."

मला विमान दिसलं नव्हतं आणि ऐकूही आलं नव्हतं. ह्यांची चूक झाकायला ही बाई भर सड्यावर विमान उडवते आणि हे मान डोलावतात, हे बघून माझं पित्त खवळलं. वीस वर्षांत ह्यांच्या वेळा दहादा चुकल्या असतील. माझ्यावर कधी विमान उडवायची पाळी आली नव्हती.

मग स्थानक खरंच आलं, टेकाडाच्या बरंच डावीकडून. मुलांनी एकच गिल्ला केला. ह्यांचं बोट अजून जुन्याच जागी होतं. ऋजुताने ह्यांचं मनगट धरलं, हात अलगद डावीकडे वळवला आणि म्हणाली, "सर, इथे."

"हां, तेच," हे म्हणाले. "आता ते वर चढेल आणि मधेच विझेल. विझेल म्हणजे पृथ्वीच्या सावलीत शिरेल."

मनगट तिने सोडलं नाही. स्थानक वर चढत होतं आणि ती ह्यांचा हात त्याच्याबरोबर फिरवत होती. मुलं स्थानक बघत होती आणि मी ते मनगट बघत होते. ते स्थानक कुठे विझलं, मला ठाऊक नाही.

"वैनी," नाझीम चहाचा घोट घेऊन म्हणाला, "साखर घालायची ऱ्हायली वाटतं."

"पुण्याच्या मॅडम घालतील," मी म्हटलं.

मुलं गेली. अंधार पूर्ण पडला. आमच्या मंडळाची मोजायची एक पद्धत होती. चौघांनी चार दिशा वाटून घ्यायच्या आणि हाका ऐकू येतील एवढ्या अंतरावर आपापल्या सतरंजीवर आकाशाकडे तोंड करून पडायचं. आपल्या दिशेला उल्का दिसली की ओरडायचं. मिथुनेतून निघालेली असली तर 'मिथुन' आणि भलतीकडून आलेली असली तर 'भटकी'. मधोमध एक माणूस विजेरीला लाल कागद लावून बसायचा आणि ओरडलेलं सगळं लिहायचा. लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही. विजेरीच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना अंधारात लगेच काही दिसत नाही, आणि वर बघण्याच्या नादात कुणाची हाक निसटली तर मोजणी वाया जाते.

लग्न झाल्यापासून ती मधली जागा माझी होती. नव्या नवरीला आकाशातलं काही कळत नाही, पण अक्षर चांगलं आहे, म्हणून मला बसवलं आणि मग मी बसतच गेले. सड्यावर शेकड्यांनी उल्का मी लिहिल्या असतील. एकही पाहिली नव्हती. एकदोनदा सगळेच ओरडले म्हणून मान वर केली, तोवर ती विझलेली होती. कुणाला हे सांगितलं की लोक हसायचे, मीही हसायचे. मला त्याचं खरंच काही वाटत नसे, कारण उत्तरेकडून ह्यांचा आवाज यायचा आणि तो आवाज माझ्यासाठी असायचा. मी लिहिलं की हे निर्धास्त व्हायचे. आमच्या संसारात आम्ही एकमेकांशी फार बोलणारी माणसं नव्हतो, पण असल्या रात्री आम्ही दोघं मिळून काहीतरी करत होतो. माझं म्हणून जे काही होतं ते तेवढंच होतं, आणि आता त्याच्यात ही शिरली होती.

जागेवर जायची वेळ झाली. मी कागद मांडीवर घेऊन विजेरी लावत होते. समोरून हे आणि ऋजुता उत्तरेच्या सतरंजीकडे चालले होते. तिची दिशा दक्षिण. तिने उत्तरेकडे जायचं काही कारण नव्हतं. आणि ह्यांचा हात तिच्या खांद्यावर होता. चुकून लागलेला नव्हे, ठेवलेला, नीट विसावलेला हात होता तो. माझ्या खांद्यावर चारचौघांत त्यांनी कधी बोटही ठेवलं नव्हतं.

मी मान खाली घातली. अंगाची लाही होत होती. रडू येत नव्हतं, हे मुद्दाम सांगते. मला तिचे केस ओढायचे होते.

मोजणी सुरू झाली. पश्चिमेला नाझीम होता आणि पूर्वेला पोस्टातले खोत. खोत फार कमी बोलायचे, पण उल्का मात्र खड्या आवाजात ओरडायचे. पहिल्या काही हाका नेहमीसारख्या आल्या. मग दक्षिणेकडून ऋजुता ओरडली, "मिथुन." एक श्वास जातो न जातो तोच उत्तरेकडून हे, "मिथुन." मी दोन्ही लिहिल्या. नाझीमची एक आली, खोतांची एक आली. पुन्हा ऋजुता, "मिथुन, चांगली मोठी." पाठोपाठ हे, "मिथुन. मोठी."

एकदा होईल, दोनदा होईल. डोक्यावरून लांब गेलेली उल्का दोघांना दिसू शकते, हे मलाही कळत होतं. पण नाझीम ओरडला की हे गप्प असायचे. खोत ओरडले की गप्प. ऋजुता ओरडली की मात्र लगोलग ह्यांची हाक यायची. तिची भटकी, तर ह्यांची भटकी. वर न बघताही मला सगळ्यांच्या नजरा कळत होत्या. उत्तरेला नेमलेला माणूस दक्षिणेची उल्का कधी बघेल? तिकडे तोंड करून पडलेला असेल तेव्हाच. आणि दक्षिणेला बघण्यासारखं दुसरं काय होतं, ते सगळ्या मंडळाला माहीत होतं.

मी विजेरी विझवली. आयुष्यात पहिल्यांदा मधली जागा सोडली. चपला तिथेच ठेवल्या आणि अनवाणी निघाले, आवाज होऊ नये म्हणून. ह्यांना रंगेहाथ पकडायचं आणि सगळ्यांसमोर काय ते विचारायचं, एवढं ठरवलेलं होतं. पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. लांबून वळसा घेऊन मी ह्यांच्या पायांच्या बाजूला आले आणि उभी राहिले.

हे दक्षिणेकडे बघत नव्हते. सरळ उताणे पडले होते, उशाला स्वेटरची गुंडाळी, तोंड नीट उत्तरेकडे, म्हणजे माझ्याकडे. तोवर माझे डोळे अंधाराला थोडे सरावले होते. चांदण्यांच्या उजेडात ह्यांचे उघडे डोळे मला दिसत होते. मी समोर उभी होते, आणि मी समोर आहे याचं काहीच त्या डोळ्यांत नव्हतं.

"मिथुन," लांबून ऋजुता ओरडली.

"मिथुन," माझ्याकडे बघत हे ओरडले.

माझा पाय वाळक्या गवतावर पडला. ह्यांनी मान जराशी उचलली आणि हळू आवाजात म्हणाले, "खोत? नाझीम?" मग ते म्हणाले, "कोण आहे? काही निरोप असेल तर ऋजुताला सांगा, कुमुदला नको. ती लिहितेय. तिच्या लक्षात येईल."

"आलंय," मी म्हटलं.

हे उठून बसले. मी बोलले होते त्याच्या बरंच उजवीकडे बघत होते. मी हात पुढे केला आणि त्यांच्या तोंडासमोरून इकडून तिकडे नेला. पापणी लवली नाही.

मी त्यांच्या सतरंजीवर बसले. "कधीपासून?" एवढंच तोंडातून निघालं.

"गेल्या वर्षी कळायला लागलं. दिवसा ठीक असतं गं. दिवेलागणीनंतर जातं. अंधारात काही नाही, आणि उजेडात दिसतं तेही नळीतून बघितल्यासारखं, समोरचं तेवढं. कोल्हापूरला प्रदर्शन नव्हतं. डोळ्यांचे डॉक्टर होते. औषध नाही म्हणाले. हळूहळू दिवसाचंही जाईल."

माणसाने अशा वेळी काय विचारावं? मी विचारलं, "ती आत आली होती, डॉक्टरांकडे?"

"आली होती."

"आणि माझे लाडू?"

"खाल्ले आम्ही. चांगले झाले होते."

मला हसू आलं की रडू, ते आता सांगता येणार नाही. "मला का नाही सांगितलंत?"

"तू मला इथे येऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"म्हणून," हे म्हणाले. "इतकी वर्षं मी ओरडतोय आणि तू लिहितेयस. मला वाटलं, अजून थोडे दिवस तसंच चालावं. मी गप्प राहिलो असतो तर तू विचारायला आली असतीस."

"मग स्वतःच्या मनाच्या ओरडायच्या. तिच्याच कशाला?"

"मनाच्या कशा ओरडू?" हे खरंच दुखावल्यासारखे म्हणाले. "न पडलेली उल्का पडली कशी म्हणू? तिची पडलेली असते. ती नेमकं बघते."

एवढ्यात ऋजुता धावतच आली. ह्यांची हाक आली नाही, म्हणून आली असणार. मला तिथे बघून थबकली.

"काकू, मी सांगणार होते. सरांनी शपथ घातली होती. आणि मोजणीचा अहवाल पुढे पाठवताना मी उत्तर दिशा रिकामीच ठेवते, त्यांनीच तसं सांगितलंय. आकडा खोटा जात नाही."

आकड्याची मला काय पडली होती? "तुला त्यांनी आधी सांगितलं," मी म्हटलं.

"नाही, काकू. सांगितलं नाही. मला दिसलं. मी पहिल्यांदा आले त्या संध्याकाळी स्थानकच होतं. सगळे वर बघत होते. मी नवीन, मला कुठे बघायचं ते कळेना, म्हणून मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. स्थानक सरकत होतं आणि त्यांचे डोळे सरकत नव्हते."

तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. म्हणून ते जास्त लागलं. त्या दोघांचं काही असतं तर मी भांडले असते, गाव गोळा केलं असतं, माहेरी निघून गेले असते. पण एका परक्या मुलीला एका संध्याकाळी जे दिसलं, ते मला वर्षभर दिसलं नव्हतं, याच्याशी कसं भांडायचं? त्या चेहऱ्याकडे तिने बघितलं होतं आणि मी खाली कागदाकडे. तिने मनगट धरलं, खांदा दिला, डॉक्टरकडे नेलं. ती सगळी माझी कामं होती. ती माझ्या हातातून कुणी घेतली होती असंही नाही, मला ती आहेत हेच ठाऊक नव्हतं. मला तिचा तेव्हा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याआधी कधी, ती त्यांना पळवून नेईल असं वाटत होतं तेव्हाही, वाटला नव्हता.

"मधे कागद ठेवलाय," मी तिला म्हटलं. "पेन्सिल आहे, विजेरी आहे. जा, तू लिही."

"मी? पण मग दक्षिण—"

"दक्षिण राहू दे उघडी. उत्तर मी बघते."

"काकू, तुम्हाला मिथुन कुठे आहे ते—"

"हे सांगतील. आणि हे बघ, लिहिणाऱ्याने मान खाली ठेवायची. काही झालं तरी वर बघायचं नाही."

एवढं मी जरा चवीनेच म्हटलं. ती गेली. मधे लाल उजेड लागला. पश्चिमेकडून नाझीम ओरडला, "वैनी, काय गडबड हाय?"

"काही नाही. पाळी बदलली," मी ओरडले.

मी ह्यांच्या शेजारी आडवी झाले. इतक्या वर्षांत सड्यावर आडवी अशी पडले नव्हते. जांभा पाठीला टोचत होता. सुरुवातीला मोजके तारे दिसले, मग जसजसा वेळ गेला तसतसे मधल्या काळोखातून आणखी येत गेले, इतके की मला कुठे बघावं कळेना. हे हळू आवाजात सांगत होते, उजवीकडे दोन सारखे तारे शोध, एकाला एक लागून, तिथून रेघ निघाली तर मिथुन. त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं आणि ते एकदाही चुकले नाहीत. मी त्यांचा हात धरला. तिने धरलं होतं तेच मनगट धरलं, आणि जरा घट्टच धरलं.

मग ती पडली. वरून निघाली, सावकाश, पिवळसर, खाली येता येता हिरवी झाली आणि टेकाडाच्या अलीकडे विझली. मागे थोडा वेळ धुराची रेघ राहिली. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. ह्यांचं मनगट मात्र मी दाबलं असणार.

"पडली?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. कुठून निघाली, कशी चालली, रंग कुठे बदलला, किती वेळ रेघ राहिली, सगळं सांगितलं. हळू सांगितलं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू. अंधारात त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि या खेपेला मी त्याच्याकडेच बघत होते.

"काकू, उत्तरेला काही?" मधून ऋजुताचा आवाज आला.

ह्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"काही नाही," मी ओरडून सांगितलं. "लिही, काही नाही."